गुलाबी वलय म्हणजे औषध नव्हे

"मॅडम, झोन आला!"

हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकते आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं दिवाळीच्या सुट्टीहून परतताना गावाकडची माती घेऊन येतात. कुणी कपाशीच्या बांधावरची, कुणी उकिरड्याजवळची, कुणी ओढ्याकाठची. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर सलाइनमध्ये कालवायची, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीत, त्यातलं पुन्हा पुढच्या. अशा पाचसहा नळ्या झाल्या की प्लेटांवर पसरायचं. त्या प्लेटांतल्या आगरमध्ये नायट्रोजनचा एकच स्रोत ठेवलेला असतो, ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल, आणि सोबत फिनॉल रेड हा रंग. ज्या जिवाणूकडे ॲस्पॅराजिन फोडणारं एन्झाइम आहे तो त्यातून अमोनिया सोडतो, आगर आम्लारीकडे झुकतं आणि पिवळ्या प्लेटवर त्या वसाहतीभोवती गुलाबी वलय उमटतं. तोच झोन. ते वलय पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाचा आनंद खरा असतो, आणि तो मला दरवर्षी नव्याने आवडतो.

माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. वलयाचा फोटो पोस्टरवर जातो, पोस्टर चर्चासत्रात जातं आणि तिथून बातमी निघते: मातीतल्या जिवाणूपासून रक्ताच्या कर्करोगावर औषध. या बातमीमागे एक मांडणी असते. ती निधीच्या अर्जांत, उद्घाटनाच्या भाषणांत आणि आमच्याच स्टाफरूममध्ये मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. मांडणी अशी: आपली माती ही औषधांची खाण आहे. परदेशी कंपन्या एन्झाइमची इंजेक्शनं महाग विकतात. आपल्या बांधावरचा जिवाणू शोधून काढला की तेच औषध इथे स्वस्तात तयार होईल. आणि यावर कुणी शंका काढली तर तो बहुराष्ट्रीय कंपन्यांची तळी उचलतो आहे असं समजावं.

मांडणारी माणसं बहुतेक प्रामाणिक आहेत. सुरुवातीची काही वर्षं मीही वर्गात हेच शिकवत होते. पण ही मांडणी चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत ल्युकेमिया झालेली मुलं मोजतात.

एल-ॲस्पॅराजिनेज, म्हणजे ॲस्पॅराजिन फोडणारं ते एन्झाइम, औषध म्हणून आलं कुठून ते आधी पाहू, कारण या कथेत मातीतला जिवाणू नायक नाही. 1953 मध्ये जॉन किड या अमेरिकी संशोधकाला दिसलं की गिनीपिगच्या रक्तातला सीरम टोचला की उंदरांमधल्या काही लिम्फोमाच्या गाठी विरघळतात. त्या सीरममध्ये नेमकं काय काम करतं ते 1961 मध्ये जॉन ब्रूम यांनी दाखवलं: ॲस्पॅराजिनेज. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना स्वतःपुरतं ॲस्पॅराजिन तयार करता येत नाही, त्या रक्तातून येणाऱ्यावर जगतात. रक्तातलं ॲस्पॅराजिन संपवलं की त्या उपाशी मरतात. निरोगी पेशी आपलं आपण बनवून घेतात. गिनीपिगच्या रक्तातून लेकरांसाठी औषध काढणं शक्यच नव्हतं. 1964 मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी दाखवलं की ई. कोलाय या जिवाणूतलं एन्झाइमही उंदरांमध्ये तसंच काम करतं. अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली 1978 मध्ये.

या इतिहासातला एक प्रयोग आमच्या पोस्टरांवर कधीच येत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. 1965 मध्ये ब्रूम यांनी यीस्टमधलं ॲस्पॅराजिनेज घेतलं. परीक्षानळीत ते गिनीपिगच्या एन्झाइमसारखीच अभिक्रिया करत होतं, तेच ॲस्पॅराजिन फोडत होतं, तोच अमोनिया सोडत होतं. उंदराला टोचलं तेव्हा गाठीवर काहीही परिणाम झाला नाही. कारण ते रक्तात टिकलंच नाही, झपाट्याने निघून गेलं. आमच्या प्लेटवर ते यीस्ट ठेवलं असतं तर गुलाबी वलय दिमाखात उमटलं असतं.

ई. कोलायचंच उदाहरण घ्या. या एकाच जिवाणूकडे दोन वेगवेगळी ॲस्पॅराजिनेज आहेत. एक पेशीच्या आत राहतं आणि ॲस्पॅराजिनचा मोठा साठा समोर असेल तरच नीट काम करतं. दुसरं पेशीच्या दोन आवरणांमधल्या पोकळीत राहतं आणि अगदी थोडं ॲस्पॅराजिन उरलं तरी ते शोधून फोडतं. विहीर तुडुंब असताना पाणी ओढणारा पंप आणि तळाशी वीतभर पाणी उरलं तरी विहीर कोरडी करणारा पंप, यांत जो फरक तोच या दोघांत. माणसाच्या रक्तात ॲस्पॅराजिन असतं लिटरमागे साधारण 50 मायक्रोमोल. म्हणजे विहिरीच्या तळाशी वीतभर पाणी. तिथे पहिलं एन्झाइम निरुपयोगी, औषध होतं ते फक्त दुसरं.

आता आमची प्लेट. तिच्यात आम्ही लिटरमागे पाच ते दहा ग्रॅम ॲस्पॅराजिन घालतो. रक्तात असतं त्याच्या शेकडो पट. विहीर काठोकाठ भरून ठेवायची आणि पंप चालला म्हणून आनंद मानायचा, असा तो प्रयोग आहे. दोन पंपांतला फरक त्या प्लेटवर कळूच शकत नाही. त्यात अमोनिया इतर मार्गांनीही सुटतो, म्हणून ॲस्पॅराजिनऐवजी नायट्रेट घातलेली तुलनेची प्लेट शेजारी हवी. किती पोस्टरांवर ती दिसते?

याचा अर्थ मातीतून औषध येतच नाही असा नाही. येतं. ल्युकेमियाच्याच मुलांच्या उपचारात मेथोट्रेक्सेट नावाचं औषध मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. कधी कधी मूत्रपिंडं ते बाहेर टाकेनाशी होतात आणि ते विष होऊन अंगात साचतं. अशा वेळी ग्लुकार्पिडेज नावाचं एन्झाइम ते रक्तातच तोडून टाकतं. त्याचं जनुक मातीतल्या एका स्यूडोमोनासचं. ब्रिटनमधल्या पोर्टन डाउन इथल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून ई. कोलायमध्ये घातल्याचा निबंध 1983 चा आहे, आणि अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली 2012 मध्ये. मधली 29 वर्षं जिवाणू शोधण्यात गेलेली नाहीत. तो तर हातात होताच.

दुसरं उदाहरण आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. जळगावकडच्या केळी बागायतदाराला इर्विनिया हे नाव सांगावं लागत नाही. केळीचा कंद सडवणारा, पाठोपाठ घाण वास सोडणारा तो रोग. त्याच घराण्यातल्या एका जिवाणूचं ॲस्पॅराजिनेज औषध म्हणून वापरात आहे. ई. कोलायच्या एन्झाइमची ॲलर्जी झालेल्या मुलांना ते देतात. 2021 मध्ये त्याचं नवं रूप अमेरिकेत मान्य झालं. त्यात जनुक इर्विनियाचं आहे, पण ते बनवून घेतलं जातं स्यूडोमोनास फ्लुरोसन्समध्ये, म्हणजे आपले शेतकरी मर आणि मूळकूज रोखायला ड्रिंचिंगमधून सोडतात त्या जातीच्या जिवाणूमध्ये. जनुक एका जिवाणूचं, कारखाना दुसऱ्या जिवाणूचा. जनुकाची अक्षरं एकदा माहीत झाली की ते प्रयोगशाळेत जोडून मागवता येतं, त्यासाठी कुणाच्या बांधावर जावं लागत नाही.

मग 'आपला जिवाणू' सापडल्याने औषध स्वस्त कसं होणार? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. उत्तर येतं ते मातीच्या अभिमानाचं, हिशेबाचं नाही. ई. कोलायच्या मूळ ॲस्पॅराजिनेजवर आज कुणाची मक्तेदारी उरलेली नाही. ते भारतात तयार होतं, विकलं जातं, सरकारी निविदांमधून रुग्णालयांत पोचतं. जिवाणूंचाही दुष्काळ नाही. पुण्यात एनसीएल आणि एनसीसीएस या संशोधन संस्थांमध्ये हजारो सूक्ष्मजीव जपून ठेवलेले आहेत. जिवाणूअभावी अडलं आहे असं एकही मूल भारतात नाही.

अडलंय ते वेगळ्या ठिकाणी.

या औषधाची ताकद मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत, युनिटमध्ये मोजतात. 37 अंश सेल्सिअसला एका मिनिटात एक मायक्रोमोल अमोनिया सोडेल इतकं एन्झाइम म्हणजे एक युनिट. कुपीवर 10,000 युनिट लिहिलेलं असतं. एन्झाइम हा नाजूक रेणू आहे. वाढवताना, पेशी फोडताना, कॉलममधून गाळताना, गोठवून वाळवताना, ट्रकमध्ये, औषधांच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, कुठेही त्याची घडी मोडू शकते. मोडलेली घडी डोळ्यांना दिसत नाही. पांढरी पूड तशीच पांढरी राहते. आणि शुद्धीकरण अर्धवट राहिलं तर कुपीत एन्झाइमसोबत जिवाणूची इतर प्रथिनं आणि त्याच्या बाह्य आवरणाचे विषारी तुकडेही उतरतात. त्यांनी ताप भरतो, ॲलर्जी होते, आणि शरीराने एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली तर पुढचे डोस कसलीही रिॲक्शन न दिसता वाया जातात.

म्हणून जिथे सोय आहे तिथे डॉक्टर डोसनंतर मुलाचं रक्त घेऊन त्यातली एन्झाइमची क्रिया मोजतात. पुढच्या डोसच्या आधी ती लिटरमागे किमान 100 युनिट असावी असा जगभरचा साधारण निकष आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी बाजारातल्या जेनेरिक कुप्या तपासल्या, मुलांच्या रक्तातली पातळीही पाहिली. लेबलवरच्या आकड्याला न पोचणाऱ्या कुप्या त्यांना सापडल्या. ब्राझीलमध्ये 2017 मध्ये सरकारने स्वस्त म्हणून आयात केलेलं ॲस्पॅराजिनेज कांपिनास शहरातल्या मुलांच्या कर्करोग रुग्णालयाने स्वतः तपासून घेतलं, त्यात परक्या प्रथिनांची मोठी भेसळ निघाली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. 2023 च्या जानेवारीत ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम आणि स्टॅट या वृत्तसंस्थांनी मिळून जगभरचे अहवाल एकत्र केले. किमान डझनभर ब्रँड निकषाला उतरत नव्हते, आणि त्यांच्या अंदाजाने 90 हून अधिक देशांतली सुमारे 70,000 मुलं त्यामुळे धोक्यात होती.

'तळी उचलता' म्हणणाऱ्यांनी इथे थांबून एक पाहावं. हे प्रश्न विचारले कुणी? मुंबईच्या आणि कांपिनासच्या डॉक्टरांनी. ज्यांच्या वॉर्डात मुलं दगावतात त्यांनी. महाग कंपनीला या प्रश्नांनी फायदा होत असेल तर तो आपण औषध नीट मोजत नाही म्हणून. जेनेरिक कुपी लेबलाला खरी उतरली की त्या कंपनीच्या हातात काय उरतं? मी जेनेरिक औषधांच्या विरोधात नाही. खरं उतरलेलं जेनेरिक हीच या मुलांची एकमेव आशा आहे असं मी मानते, आणि म्हणूनच खोट्या उतरलेल्या कुपीचा मला संताप येतो.

स्वस्ताईचा हिशेब तरी पूर्ण करू. समजा एक कुपी निम्म्या किमतीत मिळाली आणि तिच्यात 10,000 ऐवजी 4,000 युनिट निघाले. युनिटमागे ती महागच पडली. पण पैशांचा हिशेब इथे दुय्यम आहे. पॅरासिटॅमॉल बनावट निघालं तर ताप उतरत नाही, आईला तासाभरात कळतं. कमजोर ॲस्पॅराजिनेज काहीच खूण ठेवत नाही. मूल घरी जातं, केस परत येतात, शाळा सुरू होते. वर्षा-दीड वर्षाने आजार उलटतो, आणि तेव्हा त्या उलटण्याचा धागा त्या कुपीपर्यंत कुणी नेत नाही. 'आजारच तसा होता' म्हणून फाइल बंद होते. उलटलेला ल्युकेमिया बरा करणं पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण आणि कितीतरी महाग. ज्याची ऐपत आहे तो तपासलेला ब्रँड बाहेरून मागवतो. एल-वन निविदेत सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याची कुपी येते ती गरिबाच्या पोराच्या वाट्याला. गरिबांच्या नावाने ही मांडणी करणाऱ्यांना हे कसं दिसत नाही?

'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' हे शेपूटही या मांडणीला असतं. ॲस्पॅराजिनेजने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तात गुठळ्या होऊ शकतात. जिवाणूचं प्रथिन आपल्या शरीराला परकंच, मग तो जिवाणू आपल्या गावचा का असेना. आणि एन्झाइम पोटात गेलं म्हणजे काम झालं, या समजुतीचं जिवंत उदाहरण घराघरांत आहे. सेराशिओपेप्टिडेज, दाढ काढली की मिळणारी 'सूज उतरण्याची गोळी'. रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून ती जपानमध्ये तयार झाली. तिथल्याच कंपनीने खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या चाचणीत फरक दिसला नाही म्हणून 2011 मध्ये स्वतःहून ती बाजारातून काढून घेतली. आपल्याकडे ती आजही चिठ्ठीवर येते आणि आपण निमूटपणे घेतो.

मग गुलाबी वलयवाल्या जिवाणूंनी करायचं काय? काम भरपूर आहे. बटाटा किंवा पीठ जास्त तापवलं की ॲक्रिलामाइड हे घातक द्रव्य बनतं, हे 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. ते बनतं त्यातल्या ॲस्पॅराजिनपासून. तळण्या-भाजण्याआधी ॲस्पॅराजिनेज वापरलं तर ते कमी होतं. तिथे ॲस्पॅराजिन भरपूर असतं, एन्झाइमला रक्तात तग धरायचा नसतो, त्याला प्रतिपिंडांची भीती नसते. लोणारच्या सरोवरातले जिवाणूही असेच. त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास. तिथली एन्झाइम धुण्याच्या पावडरीला, चामडं कमावायला उत्तम. रक्ताचा सामू 7.4. लोणारचा जिवाणू कर्करोगाशी लढणार असं छापणं हा त्या जिवाणूवरही अन्याय आहे.

आमच्या विद्यापीठांनी एक साधी गोष्ट केली तरी पुष्कळ होईल. प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्र विभागात कलरीमीटर आहे, नेस्लर रिएजंटची बाटली आहे. अमोनियात नेस्लर घातलं की पिवळा-तपकिरी रंग येतो, त्याची तीव्रता मोजली की युनिट कळतात. मुलं हा प्रयोग परीक्षेत करतात. दरवर्षी शेकडो मुलं नव्या मातीतलं नवं वलय शोधण्यात जे महिने घालवतात, त्यांतले काही महिने बाजारातल्या कुप्यांची क्रिया मोजण्यात का घालवू नयेत? अर्थात विद्यार्थ्यांच्या आकड्यांवर परवाने रद्द व्हावेत असं मी म्हणत नाही. त्यासाठी औषध प्रशासनाने प्रत्येक बॅच स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून निकाल जाहीर करायला हवेत, आणि निविदेत दराच्या रकान्याशेजारी तपासलेल्या युनिटांचा रकाना हवा. पण अशी तपासणी मागणारी, तिची भाषा समजणारी पिढी आमच्याच वर्गात बसलेली आहे. तिला आम्ही वलयापाशी थांबवतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीच्या चुलतभावाला ल्युकेमिया झाला. मी भेटायला गेले तेव्हा त्याचे वडील औषधाच्या दुकानातून परत येत होते. मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी माणूस. हातात चहाचा थर्मास, आत बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कुपी. जिन्यात त्यांनी झाकण उघडून मला दाखवलं. "ताई, गार हाय ना बघा. दुकानदार म्हनला गार राहिलं पायजे." मी कुपीला हात लावून पाहिला. गार होती. लेबलवर 10,000 युनिट लिहिलं होतं. त्यांनी तेही बोट ठेवून वाचून घेतलं माझ्याकडून, आणि झाकण घट्ट लावून ते वॉर्डाकडे निघाले.